अठरा तास कुणाचे? बाबासाहेबांची शिष्यवृत्ती आणि आजच्या संशोधकाचा वेळ

दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. सकाळी सहाला वंदना, रात्री बाराला समारोप, शेवटी प्रमाणपत्र. गेली काही वर्षं या उपक्रमाच्या नियोजनात मी असतो. मागच्या वेळी एक ताई बसली होती. पीएचडीचं तिसरं वर्ष, फेलोशिप मिळालेली, समोर टिपणांची वही. साडेदहाच्या सुमारास तिचा फोन वाजला. बाहेर जाऊन बोलली, परत आली आणि दप्तर भरू लागली. विचारलं तर म्हणाली, "सरांचा फोन होता. नॅकच्या फाइली लावायच्यात, लगेच ये म्हणाले." आज सुट्टी आहे ना, असं मी म्हणालो. त्यावर ती हसली. "दादा, फेलोला कसली सुट्टी? माझे अठरा तास झाले असं समजा."

रात्री बारा वाजता आम्ही पंचवीस-तीस पोरापोरींना प्रमाणपत्रं वाटली. तिला दिलं नाही, कारण नियमात बसत नव्हतं. नंतर बरेच दिवस ती गोष्ट मनात राहिली. बाबासाहेबांनी अठरा अठरा तास अभ्यास केला, हे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. पण ते अठरा तास त्यांना मिळाले कसे, मध्येच कुणी हिसकावले आणि परत मिळवायला काय काय करावं लागलं, याचा इतिहास आपण सांगत नाही. तो इतिहास सांगितला नाही की 'अठरा तास' हा वाक्प्रचार आपल्याच पोरांच्या पाठीवर आसूड म्हणून वापरला जातो. "बाबासाहेब अठरा तास बसायचे, तुम्ही कशाला रडता?" असं मग गाईडही म्हणतो आणि आपला नेताही म्हणतो.

म्हणून हा लेख. फेलोशिपची रक्कम किती आणि ती कधी मिळणार, यावर आपण बरंच बोलतो आणि बोललंच पाहिजे. माझं म्हणणं त्याच्या एक पाऊल पुढचं आहे. फेलोशिप म्हणजे समाजाने आणि शासनाने संशोधकासाठी विकत घेतलेला वेळ. पैसा हे त्याचं साधन. त्या वेळेवर हक्क कुणाचा, हा खरा प्रश्न आहे आणि आंबेडकरी चळवळीला तो नवा नाही.

साडेअकरा पौंडांत काय मिळालं?

४ जून १९१३ रोजी तरुण भीमराव आंबेडकरांनी बडोदा संस्थानाशी एक करार केला. सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेतल्या शिक्षणासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मंजूर केली होती. मुदत तीन वर्षं. ठरलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी करायची, या अटी. त्याच वर्षी फेब्रुवारीत वडील रामजीबाबा गेले होते. घरी रमाई आणि काही महिन्यांचा यशवंत. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

त्या तीन वर्षांत त्यांनी काय केलं ते बघा. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण कोलंबिया विद्यापीठात त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी पाहिली तर त्यात अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४ आणि राज्यशास्त्राचे ३ विषय दिसतात. शिवाय फ्रेंच आणि जर्मन. एमएची पदवी १९१५ मध्ये मिळाली, ती मिळवायला हे सगळं लागत नव्हतं. पदवीपुरतं शिकून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांनी पदवीच्या पलीकडचं शिकायला वेळ काढला.

या वेळेचं फळ काय? ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. जातीची उत्पत्ती, यंत्रणा आणि वाढ यांची ही मांडणी पुढच्याच वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आली. सजातीय विवाहाच्या बंधनात जातीचं मर्म शोधणारा हा निबंध आजही समाजशास्त्राच्या वर्गात शिकवला जातो, मीही तो एमएला अभ्यासला. लक्षात घ्या, हा निबंध त्यांच्या पदवीच्या प्रबंधाचा भाग नव्हता. प्रबंध होते ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर आणि भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नावर. ज्या निबंधावर आपण आज उभे आहोत, तो एका फेलोच्या 'जादा' वेळात जन्माला आला.

आज विद्यापीठाच्या कागदावर त्या वेळेला 'व्यावसायिक विकास' म्हणतात. कार्यशाळा, परिषद, दुसऱ्या विषयाचा कोर्स, नवी भाषा. आपल्याकडे तो चैनीत मोजला जातो. "आधी चॅप्टर आण, मग परिषदेचं बघू." बडोद्याच्या एखाद्या कारकुनाने न्यूयॉर्कला पत्र पाठवून 'अर्थशास्त्राचा माणूस मानववंशशास्त्राच्या वर्गात काय करतो' असा खुलासा मागितला असता तर काय झालं असतं, याचा विचार करा.

तुटलेली तीन वर्षं

१९१६ मध्ये शिष्यवृत्तीची मूळ मुदत संपली. बाबासाहेब लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि ग्रेज इनमध्ये नाव घातलं. एक वर्षाची मुदतवाढ मिळाली, पण अभ्यास पुरा होण्याआधीच ती संपली आणि परतावं लागलं. मात्र निघण्याआधी त्यांनी एक काम चोख केलं. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे सुरू करता येईल, अशी लंडन विद्यापीठाची परवानगी त्यांनी मिळवली. प्राध्यापक कॅनन यांची त्याला शिफारस होती. म्हणजे पैसा संपला तरी आपल्या वेळेवरचा हक्क त्यांनी लेखी राखून ठेवला.

पुढची गोष्ट आपल्याला पाठ आहे. सामानाचं जहाज जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालं, पुस्तकं गेली. करारानुसार बडोद्याला नोकरीवर हजर झाले, तर शिपाई लांबून फाइली फेकत. राहायला जागा मिळेना. पारशी सरायीत नाव बदलून राहिले आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने तिथून हाकललं. कोलंबिया आणि लंडनचं शिक्षण घेतलेला माणूस झाडाखाली बसून रडला. हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा अपमान म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक नुकसान दडलेलं आहे. लंडनमधला अर्धा प्रबंध, बॅरिस्टरीचा अर्धा अभ्यास आणि डोक्यात तयार असलेली मांडणी, सगळं थांबलं. शिकवण्या केल्या, सल्लागाराचा व्यवसाय करून पाहिला, तो जातीने बुडवला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार महिना ४५० रुपये.

त्या पगाराचं त्यांनी काय केलं? काटकसर करून बाजूला टाकला. कारण त्यांना परत जायचं होतं. मार्च १९२० मध्ये राजीनामा दिला आणि जुलैमध्ये लंडनला निघाले. स्वतःची बचत, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचं पाच हजार रुपयांचं कर्ज, एवढ्या शिदोरीवर. जातीने १९१७ ते १९२० अशी तीन वर्षं खाल्ली. ती परत विकत घ्यायला त्यांना नोकरी, मैत्री आणि एका राजाचं मन एवढं सगळं पणाला लावावं लागलं.

लंडनच्या दुसऱ्या मुक्कामात ब्रिटिश म्युझियमचं ग्रंथालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत ते तिथे बसत. दुपारचं जेवण बहुधा नाहीच. चरित्रकार धनंजय कीर सांगतात की रात्री उशिरापर्यंत वाचत बसलेल्या बाबासाहेबांना खोलीतल्या मित्राने झोपायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या उत्तराचा आशय असा होता : जेवायला पैसा नाही आणि झोपायला वेळ नाही. आपण यातली जिद्द तेवढी घेतो. पण ही टंचाईची गोष्ट आहे. साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती चालू असताना न्यूयॉर्कमध्ये त्यांनी विषयांचा विस्तार केला. ती नसताना लंडनमध्ये त्यांना घड्याळाशी झुंजावं लागलं. १९२१ मध्ये एमएस्सी, १९२२ मध्ये बॅरिस्टर. डीएस्सीचा प्रबंध परीक्षकांनी दुरुस्तीसाठी परत दिला तेव्हा थांबायला पैसे नव्हते. मुंबईला परतून तो दुरुस्त करून पाठवला आणि नोव्हेंबर १९२३ मध्ये पदवी आली. अठरा तास ही त्यांनी हौसेने निवडलेली जीवनशैली होती असं मानणं म्हणजे त्या उपाशी माणसावर अन्याय आहे.

आणि हे तास एकट्याचे नव्हते. परळच्या चाळीत रमाई संसार ओढत होती, मुलांची आजारपणं आणि मृत्यू सोसत होती. लंडनमधल्या एकेका तासामागे परळमधला एक तास खर्ची पडत होता. फेलोच्या वेळेचा हिशेब मांडताना हा हिशेब विसरला तर आपण अर्धाच इतिहास सांगतो.

वेठ कशाला म्हणतात?

आता दुसऱ्या बाजूने बघू. परत आलेल्या बाबासाहेबांनी ज्या पहिल्या प्रश्नांना हात घातला, त्यात महार वतन होतं. १९२७ मध्ये 'बहिष्कृत भारत'मधून त्यांनी यावर लिहिलं आणि १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक आणलं.

वतनातली खरी मेख कोणती होती? काम कष्टाचं आणि मोबदला तुटपुंजा हे तर होतंच. इनामाच्या जमिनीचा तुकडा, बलुत्याचं धान्य आणि सरकारचा नावापुरता पैसा. पण मुख्य मेख ही की कामाला हद्द नव्हती. कोणतं काम, कुणाचं काम, किती तास, काही ठरलेलं नाही. रात्री-अपरात्री हाक आली की उठायचं. पाटलाचं काम, कुलकर्ण्याचं काम, गावात आलेल्या अंमलदाराचं काम, सगळं त्यातच. वतनदार घरी नसेल तर बाप जाईल, भाऊ जाईल, बाई जाईल. म्हणजे एका माणसाचा नव्हे, सगळ्या घराचा वेळ गावाच्या ताब्यात. असा माणूस दुसरा धंदा कधी करणार आणि पोराला शाळेत कधी पाठवणार? कामं ठरवा, पैसा सरकारने द्या आणि ज्यांना वतनातून सुटायचं आहे त्यांना सुटू द्या, अशी ती लढाई होती. कायद्याने वतनं खालसा व्हायला १९५८ साल उजाडलं. बाबासाहेब तेव्हा नव्हते.

वेठीची ओळख मी यावरून ठरवतो. ज्या कामाला तास नाहीत, यादी नाही, नकार देण्याची सोय नाही आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर आहे, ती वेठ. मग ती गावच्या चावडीवर असो की विद्यापीठाच्या विभागात.

घड्याळासाठी लढणारी परंपरा

वेळेसाठी लढणं ही आपल्या परंपरेची मूळ ओळख आहे. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टी नव्हती. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांना संघटित केलं आणि १० जून १८९० रोजी मालकांना रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. आज जो रविवार आपण गृहीत धरतो, तो एका सत्यशोधकाने मिळवलेला आहे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. "बाबासाहेबांनी बाराचे आठ तास केले" असे संदेश दर १ मे रोजी फिरतात. आपण अभ्यासू चळवळीची माणसं आहोत, तेव्हा नेमकं सांगू या. १९३४ च्या कारखाना कायद्यात बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याला ५४ तास आणि दिवसाला १० तासांची मर्यादा होती. बाबासाहेबांच्या मजूर खात्याच्या काळात झालेल्या १९४६ च्या दुरुस्तीने ती आठवड्याला ४८ आणि दिवसाला ९ तासांवर आली. त्याआधी १९४५ मध्ये भरपगारी रजेची तरतूद झाली. खरा आकडाही पुरेसा मोठा आहे, फुगवायची गरज नाही. स्वतः रात्रंदिवस राबणाऱ्या या माणसाने कामगारांना "माझ्यासारखं राबा" असं सांगितलं नाही. त्याने त्यांच्या कामाला कायद्याची मर्यादा घातली. अठरा तासांचा दाखला देणाऱ्या प्रत्येकाने हा दुसरा आकडाही सांगितला पाहिजे.

याच काळात, १९४२ मध्ये, त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यातून उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली आणि आपली पोरं सरकारी पैशावर परदेशी शिकायला गेली. आजच्या पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्तीची मुळं त्याच वर्षांत आहेत. आणि १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले. दिवसा कचेरीत नोकरी करणारा पोरगा सकाळी शिकू शकेल, हा त्यामागचा विचार. वेळापत्रक कुणाच्या सोयीने आखायचं हा सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे, हे त्यांनी असं प्रत्यक्ष करून दाखवलं.

आजचा फेलो

आता विहारातल्या त्या ताईकडे परत येऊ. कागदावर तिची स्थिती पूर्वीच्या कुणाहीपेक्षा बरी आहे. अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी २००५-०६ पासून केंद्राची फेलोशिप आली. बार्टीची अधिछात्रवृत्ती आली. यूजीसीच्या कनिष्ठ फेलोशिपची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि वरिष्ठची ४२,००० झाली. शिवाय यूजीसीचे नोव्हेंबर २०२२ चे पीएचडी नियम वेळेविषयी काही ठोस गोष्टी सांगतात. त्या आपल्या प्रत्येक संशोधकाला तोंडपाठ हव्यात.

एक, पीएचडीच्या संशोधकाला शिकवण्याचं किंवा संशोधन साहाय्याचं काम देता येतं, पण आठवड्याला चार ते सहा तास. त्यात ट्यूटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनाची कामं येतात. सरांच्या मुलाची शाळेची फी भरणं, विभागाची रंगरंगोटी आणि नॅकच्या फाइली यांचा उल्लेख मला त्यात सापडला नाही. दोन, विषय कोणताही असो, संशोधकाला आपल्या विषयाच्या अध्यापनाचं आणि लेखनाचं प्रशिक्षण मिळालं पाहिजे. म्हणजे व्यावसायिक विकासाचा वेळ ही गाईडची मेहेरबानी नाही. तीन, महिला संशोधकांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आणि मुदतीत दोन वर्षांची वाढ. १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाची बाजू घेणाऱ्या बाबासाहेबांचा धागा इथवर येतो. चार, नोकरी सांभाळून पीएचडी करणाऱ्याला आपल्या मालकाकडून असं लिहून आणावं लागतं की त्याच्या कामातून संशोधनाला पुरेसा वेळ मिळतो. 'पुरेसा वेळ' हे शब्द नियमात आले आहेत, त्यांना धरून बोला.

मग अडतं कुठे? पहिली अडचण पैशाच्या वेळेची. पूर्णवेळ फेलोकडून लिहून घेतलं जातं की तो दुसरी नोकरी करणार नाही. हे मला मान्य आहे, वेळ विकत घेतलाय तर तो संशोधनालाच जावा. पण मग पैसा दर महिन्याला आला पाहिजे. काम करायची बंदी आजपासून आणि रक्कम सहा-आठ महिन्यांनी, हा कसला करार? या मधल्या महिन्यांत मेसचं बिल, खोलीचं भाडं, घरी पाठवायचे पैसे कुठून येतात? सवर्ण मध्यमवर्गीय संशोधकाच्या बापाचं बँकखातं ही उणीव भरून काढतं. आपल्या पोराचा बाप वीटभट्टीवर नाहीतर सफाई खात्यात कंत्राटी असतो. त्यामुळे उशीर एकच असला तरी नुकसान एक नसतं. एकाचा फक्त पैसा अडकतो, दुसऱ्याचा प्रबंध अडकतो.

हे नुकसान कुठवर जातं ते आपण पाहिलं आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये नेट नसलेल्या संशोधकांची फेलोशिप बंद करायचा निर्णय झाला. पीएचडीला महिना ८,००० आणि एमफिलला ५,००० एवढीच ती रक्कम. तेवढ्यासाठी दिल्लीत विद्यार्थ्यांना यूजीसीच्या दारात रात्री काढाव्या लागल्या. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित वेमुला गेला. त्याच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा, १ लाख ७५ हजार रुपयांचा, हिशेब आहे. २०२३ मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी आपले संशोधक मुंबईत आझाद मैदानावर धरणे धरून बसले. मी त्यांना भेटायला गेलो होतो. ताडपत्रीखाली एकजण लॅपटॉप मांडीवर घेऊन संदर्भसूची दुरुस्त करत होता. आंदोलनाचा प्रत्येक दिवस त्याच्या सहा वर्षांच्या मुदतीतून वजा होत होता. तो दिवस त्याला कोण भरून देणार?

दुसरी अडचण गाईडच्या सत्तेची. प्रगती अहवालावर त्याची सही, उपस्थितीवर त्याची सही, फेलोशिपच्या अर्जावर त्याची सही. ज्याच्या सहीवर जेवण अवलंबून आहे त्याला 'नाही' कसं म्हणायचं? माझा एक मित्र दोन वर्षं आपल्या गाईडच्या जागी पदवीचे तास घेत होता, पैसे नाहीत, नोंद नाही. वर सर म्हणायचे, "तुला अनुभव मिळतोय." वतनातही असंच म्हणत, "तुला मान मिळतोय." सगळे गाईड असे नसतात. पोरांना स्वतःच्या खर्चाने परिषदेला पाठवणारे, रात्री बसून मसुदा तपासणारे गाईड मी पाहिले आहेत. पण हक्क चांगल्या माणसाच्या चांगुलपणावर टांगून ठेवता येत नाही, एवढं तरी आपण संविधानाकडून शिकलो आहोत.

आणि पदवी मिळाल्यावर? तासिका तत्त्व. म्हणजे वर्गातले तास मोजून पैसा, तयारीचे तास, पेपर तपासायचे तास आणि सुट्टीचे महिने हवेत. फेलो असताना ज्याचा वेळ मोजलाच जात नव्हता, त्याचा वेळ आता मोजला जातो, पण फक्त कापण्यासाठी.

आपल्या घरातली वेठ

आता एक कडू गोष्ट, आपल्याच लोकांसाठी. आपण चळवळीवाले या पोरांच्या वेळेशी कसे वागतो? "तू पीएचडीवाला ना, स्मरणिका तूच काढ." "भाषण लिहून दे." "मोर्चाला ये, रोज काय लायब्ररीत बसतोस." मी स्वतः हे केलं आहे. एका मित्राकडून ऐन सिनॉप्सिसच्या आठवड्यात जयंतीची पत्रकं लिहून घेतली होती. त्याने नाही म्हटलं नाही, कारण चळवळीला नाही म्हणणं त्याला गद्दारी वाटत होतं. त्याचं सादरीकरण पुढे गेलं. समाजाचं ऋण फेडायचं असतं, मान्य. पण बाबासाहेबांनी ते लंडनमध्ये बसून प्रबंध लिहूनच फेडलं. जानेवारी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू झाला आणि जुलैत त्याचा कर्ता परदेशी निघाला. पत्र अडचणीत येईल हे दिसत असतानाही ते गेले. अर्थशास्त्राचा तो प्रबंध पुढे समाजाच्या कामी येणार आहे, याची त्यांना खात्री होती. चळवळीने आपल्या संशोधकाला एवढी मोकळीक दिली पाहिजे.

आणि संशोधकांनीही आरसा बघावा. सगळा वेळ गाईडच खातो असं नाही. फेलोशिप चालू आहे म्हणून पाच वर्षं स्पर्धा परीक्षेचे क्लास करणारे आणि शेवटच्या वर्षी प्रबंध विकत घेणारे आपल्यातही आहेत. तो पैसा आझाद मैदानावर बसलेल्यांच्या घामाचा आहे.

मग करायचं काय?

मागण्या साध्या आहेत. फेलोशिप ठरलेल्या तारखेला दर महिन्याला खात्यात. उशीर झाला तर तेवढे महिने संशोधनाच्या मुदतीत वाढवून मिळावेत, कारण वेळ शासनाने खाल्ला आहे, संशोधकाने नव्हे. प्रत्येक विभागात कामाची लेखी नोंदवही असावी आणि चार ते सहा तासांच्या वरचं काम नाकारण्याचा हक्क संशोधकाला असावा. तक्रार ऐकणाऱ्या समितीत तोच गाईड बसलेला नसावा. आठवड्यातले किमान दोन दिवस ग्रंथालयासाठी नाहीतर क्षेत्रकार्यासाठी अखंड मिळावेत. मोडी, पाली, आकडेशास्त्र, इंग्रजी लेखन, ज्याला जे लागेल ते शिकायला वर्षातले ठरावीक आठवडे कामाचा भाग म्हणून मोजले जावेत.

आणि एक काम आजपासून आपल्या हातातलं. वही घ्या. रोज किती तास स्वतःच्या संशोधनाला गेले, किती नव्या शिक्षणाला आणि किती दुसऱ्याच्या कामाला, हे तारखेनिशी लिहा. तीन महिन्यांत चित्र उभं राहील. एकट्याची वही म्हणजे कुरकुर, पन्नास जणांच्या वह्या म्हणजे पुरावा. वतनाविरुद्धची लढाईसुद्धा कामांची यादी मांडूनच उभी राहिली होती.

पुढच्या एप्रिलमध्ये आमच्या विहारात अठरा तासांचा उपक्रम होईल. या वेळी आम्ही एक बदल करतोय. संशोधक पोरापोरींसाठी वर्षभर विहारातली मागची खोली सकाळी सहा ते दहा राखून ठेवायची. त्या वेळात कुणीही, अध्यक्षांनीसुद्धा, त्यांना कुठल्याही कामाला हाक मारायची नाही, असा ठराव झाला आहे. त्या ताईला मी निरोप धाडलाय. खोलीची पहिली किल्ली तिच्याकडे असेल.

जयभीम.